राबातली तार

आमच्या वाडीत हिराबाईला मागल्या पिढीतली माणसं "आतलं बघितलेली बाई" म्हणायची. नव्या सुना घाबरायच्या. त्यांना वाटायचं, हिच्या अंगात येतं. मी ओरडायचो, "अगो बायांनो, भुताखेतातलं नाय, तांब्याच्या आतलं!" तर त्या आणखीच घाबरायच्या. आता तांब्याच्या आत काय असतं ते सांगायला मी काय मास्तर हाय? पण तिनं बघितलं तेव्हा तिच्या शेजारी मी उभा होतो. ह्या दोन डोळ्यांनी मीपण बघितलं, आणि एवढं वय झालं तरी ते आठवलं की अंगावर काटा येतो.

मी कोंडू. कसाऱ्याला विजेच्या तारेच्या गँगमध्ये सगळा जन्म काढला. घाट चढणाऱ्या इंजिनाच्या डोक्यावर जी तार असते, जिला घासत घासत इंजिन वीज पितं, ती आमची तार. आमचा मुकादम लडकूदादा. हिराबाई त्याची बायको, नात्यानं माझी लांबची वयनी. माहेर तिचं मुरबाडकडच्या वैशाखऱ्याचं. अंगानं ठेंगणी, तोंडानं तिखट. तिच्या घरात शिरताना माणूस दारातच पाय झाडायचा. घर कुडाचं, पण मांडणीवरची हंडा-कळशी अशी लखलखीत की त्यात बघून मिशी विंचरावी. चिंच आणि चुलीतली राख, बस्स. घासायला बसली की तिला जगाचं भान नसायचं. लडकूदादा म्हणायचा, "एक दिवस मलापन घासून पालथा घालंल ही."

बेचाळीस साल होतं. लढाई चाललेली. मुंबईवर बाँब पडणार म्हणून माणसं पोरंबाळं घेऊन गावाकडं पळत होती, आणि त्यांच्यासंगं एक प्रयोगशाळापण पळून आली. खोटं नाय सांगत. कसाऱ्याच्या अलीकडं रेल्वेचं वीजघर होतं, त्याच्या मागल्या दगडी गोदामात ती आणून ठेवली. तिच्या मशीनला वीज लागायची, आणि आमच्या भागात वीज होती ती रेल्वेकडंच. मशीन एक्स-रेचं. माणसाची हाडं बघायचं नव्हे हां. धातूची हाडं बघायचं. त्यावर एक बाई काम करायच्या, मुंबईच्या, शिकलेल्या, चष्मा लावणाऱ्या, वय असेल तिशीचं. दिवसभर खिडक्यांना काळं फडकं लावून आत बसायच्या. वाडीनं त्यांचं नाव ठेवलं काळोखबाई. त्यांना ते कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसायला लागला.

आता तारेचं सांगतो. त्या साली शिमग्याच्या आधी साहेबानं लडकूदादाच्या ताब्यात तारेचं एक भेंडोळं दिलं. घाटात कुठं तार खराब झाली तर जोडायला. करंगळीएवढी जाड, तांब्यात चिमूटभर कॅडमियम नावाचा दुसरा धातू मिसळलेली. लढाईच्या दिवसांत तांब्यावर चोरांचा डोळा, आणि आमच्या गँगच्या खोपीला धड कडीपण नव्हती. लडकूदादानं डोकं लढवलं. भेंडोळं घरी आणलं आणि आपल्या शेतातल्या राबात खुपसून ठेवलं.

राब म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. भाताचं रोप जिथं टाकायचं ती जागा, आमी तिला दाढ म्हणतो, आधी भाजून घेतो. खाली शेण पसरायचं, त्यावर झाडांचे टाहाळे, त्यावर पातेरा आणि गवत, आणि वरून मातीचा थर. मग वारा पडलेला बघून पेटवायचं. धगधगत नाय, आतल्या आत धुमसत राहतं. एवढं सगळं गोळा करायला घरच्या बाया हिवाळाभर रान तुडवतात, म्हणून दुसऱ्याच्या राबाला कुणी हात लावत नाय. चोरसुद्धा नाय. चोरालापण भात खायचा असतो. पेटवायच्या आधी तार काढून घ्यायची, लडकूदादाचा हिशोब बरोबर होता, फक्त त्यानं बायकोला सांगितलं नाय. सांगितलं की वाडीभर होईल, असं त्याचं म्हणणं.

मग आमची गँग घाटात वर मुक्कामाला गेली. इकडं एका संध्याकाळी वारा पडला, शेजारच्यांनी आपापले राब पेटवले, हिराबाईनंही पेटवला. दुसऱ्या दिवशी राख निवल्यावर ती बघायला गेली तर राखेत काळंकुट्ट वेटोळं. आधी तिला वाटलं, अजगर भाजला. काठीनं उचकलं तर तार. मुकादमाचीच बायको ती, सरकारी तार ओळखायला काय उशीर? सरकारी माल जाळला, आता तुरुंगच. पण मग तिनं नीट बघितलं. तार तुटली नव्हती, वितळली नव्हती, नुसती काळी झाली होती. आणि भांडं काळं झालं तर बाई काय करते? वेटोळं डोक्यावर घेतलं, ओहोळावर गेली, आणि चिंच-राखेनं घासत बसली. दिवस कलेपर्यंत घासली. तार पहिल्यासारखी लालबुंद चमकायला लागली तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. लडकूदादा घरी आला तर ठोकून दिलं, "तुमची तार मी आधीच काढून ठेवली व्हती." तो म्हणाला, "शहाणी गो माझी बायको!" तरी तिनं खरं सांगितलं नाय.

गणपती झाल्यावर घाटात एका ठिकाणी जुनी तार झिजली, तिथं ह्या भेंडोळ्यातला तुकडा घातला. दोन्ही टोकांचे जोड लडकूदादानं स्वतः मारले. आमी खाली दोर धरून. नवी तार हाताला नरम लागत होती. लढाईच्या दिवसांत येईल तो माल गोड मानून घ्यायचा, आमी उलट खूश, वळवायला सोपी म्हणून. उरलेलं भेंडोळं खोपीत टांगलं.

कार्तिकात थंडी पडली. थंडीत तार आखडते, तिच्यावरचा ताण वाढतो. एका सकाळी पलटणीची गाडी घाट चढत असताना तार तुटून खाली आली. ठिणग्यांचा नुसता धबधबा. माणूस कोणी मेलं नाय, पण गाडी दरीच्या कडेला अडकून पडली. आणि दिवस कसले! चले जाव झालेलं. तिकडं मुरबाडच्या अंगाला, सिद्धगडाच्या रानात, पोरं लपलेली, विजेचे खांब पाडत होती. त्यामुळं तार तुटली म्हणजे कुणीतरी तोडलीच, दुसरा विचार करायला कोणी तयार नाय. बाहेरून एक फौजदार आला होता, त्यानं दुपारपर्यंत शोध लावला की जोड मारणारा लडकू, आणि लडकूची बायको सिद्धगडाकडची. झालं! लडकूदादा त्या दिवशी रजेवर होता, खळ्यावर भात झोडत होता. तिथून त्याला उचलला. अंगावरचा भुसापण झटकू दिला नाय.

शहापूरच्या कोठडीत त्याला नेला आणि दुसऱ्याच दिवशी बातमी आली की लडकूनं कबूल केलं. "माझ्याच हातून झाला" असं म्हणाला आणि अंगठा दिला. माझं टाळकंच फिरलं. भेटायला गेलो तर भेटू देत नाय. लोक म्हणायला लागले, आता काळं पाणी. कोणी म्हणे फाशी. लढाईचा कायदा, पलटणीची गाडी, वर स्वतःची कबुली. मी वयनीला जाऊन म्हटलं, "मारला असंल गो त्याला. मारल्याबिगर तो असा बोलायचा नाय." ती चुलीसमोर बसली होती, चूल विझलेली. डोळ्यांत पाणी नाय, काय नाय.

वाचवलं म्हणाल तर आधी आमच्या रेल्वेच्या साहेबानं. तो गोरा होता, तापट होता, पण तारेतलं त्याला कळायचं. तुटलेली टोकं त्यानं हातात घेतली आणि बघत राहिला. टोक करवतीनं कापल्यासारखं नव्हतं, ओढून ओढून निमुळतं झालेलं, शेंगदाण्याच्या टोकासारखं. ह्या जातीची तार अशी लांबत नाय, म्हणाला. आणि मला फर्मावलं की ही टोकं काळोखबाईंकडं घेऊन जा.

बाईंनी टोकं भिंगाखाली धरली. मी दारात उभा. म्हटलं, "बाई, ह्यात बघायचा काय? तांबं ता तांबं." बाई म्हणाल्या, "कोंडूभाऊ, या आत. बसा." आणि मला, गँगमधल्या एका मजूर-खलाशाला, स्टुलावर बसवून त्यांनी समजावलं.

"तांबं घ्या, पितळ घ्या, बाहेरून सलग दिसतं. आत बारीक बारीक दाणे असतात. आणि एकेका दाण्यात अणूंच्या ओळी. एकावर एक, एकीला लागून एक, छपरावर कौलं बसवावीत तशा. किती? तुमच्या नखाएवढ्या तुकड्यातल्या मोजायला बसलात तर सात जन्म पुरणार नाहीत."

मी माझ्या नखाकडं बघितलं.

"आता ही तुमची तार," बाई सांगत होत्या, "ती थंड असतानाच लहान लहान भोकांतून ओढून बारीक केलेली असते. त्या ओढाताणीत आतल्या ओळी वाकतात, मधेच तुटतात, एकमेकींत अडकतात. छपरावर माकडं नाचून गेली की कौलांचं होतं ना, तसं."

"म्हंजे तार नासली की वो!"

"उलट. ओळी अडकल्या म्हणूनच ती ताण सोसते. अडकलेलं सहज सरकत नाही. आतमध्ये जितका बिघाड, तितकी ती कडक."

आयला! मी म्हटलं, हे काय नवल! आमी आजवर ज्या तारेखालून निर्धास्त गेलो, ती आत मोडलीय म्हणून मजबूत होती. मला आठवतंय, मी स्टुलावरून उठून उभाच राहिलो. बसून ऐकायची गोष्ट वाटेना.

"आणि तापवली तर?" मी विचारलं.

"तापवली की ओळी परत नीट बसतात, कौलं चाळून घेतल्यासारख्या. बाहेरून काही कळत नाही. पण तार मऊ होते. ताण आला की लांबत जाते आणि तुटते." मग त्यांनी तुटक्या टोकाचा थोडा भाग ॲसिडात बुडवून वरचं साल काढलं, "वर घासल्याच्या खुणा असतात, त्या फसवतात," म्हणाल्या, आणि तो मशीनसमोर बसवला. दुसऱ्या एका ठिकाणचा, जुन्या चांगल्या तारेचा तुकडापण माझ्याकडून मागवून घेतला. मशीनचा गुरगुराट सुरू झाला. मला बाहेर घालवलं.

फोटो मी नंतर बघितले. चांगल्या तारेच्या फोटोत कड्या होत्या, एकात एक, जाड, पुसट, धुरकट, कुठं गडद कुठं फिकट. आणि तुटक्या तारेच्या फोटोत त्याच जागी धुरकटपणा नावाला नाय. कडीच्या वाटेनं नुसते ठिपके. बारीक, वेगवेगळे, धारदार. बाईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "ही तार आगीत होती."

मला वाटलं सुटला लडकूदादा. कसला सुटतोय! फौजदारानं ते ऐकलं आणि टाळी वाजवली. म्हणाला, बरोबर, मुकादमाकडं जोडाला डाग द्यायचा, जाळ फेकणारा दिवा असतो. त्यानं खांबावर चढून दिव्यानं तार तापवली, मुद्दाम नरम केली, आणि पलटणीची गाडी यायची वाट बघितली. म्हणजे बाईंच्या फोटोनं लडकूदादाला आणखी एक फास लावला. मी रागारागानं वाडीवर आलो आणि वयनीच्या ओटीवर बसून बाईंना नाय नाय ते बोललो. "काळोखात बसते आणि काळोखच करते! म्हणं तार आगीत व्हती! कुठली आली आग?"

वयनी आतून बाहेर आली.

"भावजी," ती म्हणाली, "फोटोत दिसला? आग दिसली?"

"त्या म्हणतान तसा."

"मी एवढी घासली," ती म्हणाली. "एवढी घासली, तरी आत ऱ्हायली?"

मला काय समजेना. मग तिनं सगळं सांगितलं, वर जे मी तुमाला सांगितलं ते. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आता बोललीस तर सरकारी माल जाळल्याबद्दल तुलापन नेतील. ती म्हणाली, "नेवदे." पदर खोचला आणि तशीच वीजघराच्या वाटेला लागली. मी मागून पळत.

बाईंसमोर ती उभी राहिली आणि एका दमात बोलली. बाई रागावल्या नाय. त्यांनी एकच विचारलं, "अख्खं भेंडोळं राबात होतं?" ती म्हणाली, अख्खं. बाई ताडकन उठल्या. "मग उरलेलं कुठंय?" खोपीत होतं. मी धावत जाऊन आणलं. बाईंनी साहेबाला बोलावून त्याच्या देखत भेंडोळ्याच्या ह्या टोकाचा, त्या टोकाचा आणि मधला तुकडा कापून घेतला. तिन्हींचे फोटो निघाले. तिन्हींत ठिपके. बाई साहेबाला म्हणाल्या, दिव्यानं तापवली असती तर वीतभर जागा नरम झाली असती. ही तर खांबावर चढायच्या आधीच सगळी नरम होती.

साहेबानं मान हलवली, पण लगेच होकार दिला नाय. ह्या तारेला नरम करायला भट्टीची आच लागते, म्हणाला. पाल्यापाचोळ्याच्या धुरानं असं होतं, हे कोर्टात कोण मानील? कोर्टापुढं कबुलीचा अंगठा पडलाय. त्याचं काय अगदीच चूक नव्हतं. मला स्वतःला पटत नव्हतं.

हिराबाई म्हणाली, "मग परत जाळू."

कार्तिकात राब? आमच्याकडं असं कोणी ऐकलं नव्हतं. राब भाजायचा शिमग्याच्या पुढं. कार्तिकात जाळला तर ती राख जाते वाऱ्यावर, आणि पुढच्या पेरणीला हातात काय? हिराबाईनं दसऱ्यापासून शेण साठवलं होतं, तेवढंच. टाहाळे तोडलेले नव्हते. पण ती ऐकते कुणाचं? आल्या पावली कोयता घेऊन रानात गेली. वाडीतल्या बाया आधी कुजबुजल्या, मग एकेक जण आपापल्या घरचं शेण पाटीत घेऊन आली. कुणाच्या डोक्यावर पातेरा, कुणाच्या गवत. आपल्या दाढीतला घास काढून देतात की वो! मंगळी म्हणून म्हातारी होती, एरवी चुलीतला निखारा मागितला तरी शिव्या द्यायची, तिनं शेणाची सगळी रास दिली आणि वर हिराबाईला शिव्यापण दिल्या. मी त्या दिवशी ढसाढसा रडलो, सांगायला लाज कसली?

राब रचला. साहेबानं नव्या चांगल्या तारेचा तुकडा आणला, आधी बाईंकडून त्याचा फोटो काढून घेतला, जाड धुरकट कड्यांचा. मग त्या तुकड्यावर आपली खूण ठोकली आणि हिराबाईच्या हातात दिला. जिथं पहिलं भेंडोळं होतं तिथंच, टाहाळ्यांच्या खाली, तिनं तो ठेवला. वरून माती लोटली आणि पेटवला. फौजदारानं आपला शिपाई शेताच्या बांधावर बसवला, कुणी बदलाबदल करू नये म्हणून. तो बिचारा धुरानं खोकून खोकून अर्धा झाला.

सकाळी राख उकरली. तुकडा काळाकुट्ट. हिराबाईचा हात सवयीनं तो पुसायला गेला आणि ती विस्तवावर पडल्यासारखी मागं सरली. "नको," म्हणाली. "तसाच घेऊन जा."

बाईंनी तिलाही आत बोलावलं. फोटो धुवायच्या काळोखात. साहेब, बाई, ती आणि मी. भिंतीवर तांबडा दिवा, निखाऱ्याएवढा. आंबट-उग्र वास. थाळीत पाण्यासारखं काहीतरी, त्यात बाईंनी कोरी फिल्म सोडली आणि थाळी हळूहळू हलवत राहिल्या. काहीच नाय. नुसतं पांढुरकं. हिराबाईनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं होतं की बोटं उमटली. मग मधून एक ठिपका आला. कुणी लिहिला नाय, कुणी काढला नाय, आपोआप आला. मग त्याच्या बाजूला दुसरा. मग सगळीकडून यायला लागले, गोल धरून, एका गोलाच्या बाहेर दुसरा गोल, बारीक, काळेभोर, एकाला एक चिकटलेला नाय. चांदणं उगवतं तसं, फक्त उलटं, पांढऱ्यावर काळं. चांदणं तरी आपलं वर असतं. हे करंगळीएवढ्या तारेच्या पोटातलं होतं, आणि ते सगळं हिच्या शेणामातीच्या आगीनं जागच्या जागी लावून दिलं होतं.

हिराबाई थाळीवर वाकली. नाक टेकेल एवढी. मग हळूच म्हणाली, "बाई, एवढा सगळा आत असतो? रोजच्या कळशीतपन?"

"कळशीतपण," बाई म्हणाल्या.

"आनि आमी नुसती वरून घासताव."

तिनं हात जोडले. कुणाला जोडले ते मला नाय ठाऊक. बाईंना, थाळीला, का तारेला. मीपण जोडले. खरं सांगतो, मी देवळात कितीदा गेलो असेन, वज्रेश्वरीला गेलो, कुठं कुठं गेलो, पण असा धाक, असा आनंद कुठं वाटला नाय. माझ्या हाताखालून आयुष्यभर गेलेली ती तार, तिच्यात एवढं मोठं गाव वसलेलं, आणि मला पत्ता नाय! बाईंचा आवाजपण बदलला होता. रोज हे बघणाऱ्या बाई, पण त्याही पुटपुटल्या, "किती सुंदर आलाय."

साहेबानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले, राबाच्या आधीचा आणि राबाच्या नंतरचा. मग तिसरा, तुटक्या तारेचा. दुसरा आणि तिसरा जुळ्या भावांसारखे. मग फौजदाराच्या शिपायाला त्यानं आत ओढलं आणि फोटोवर बोट ठेवून मोडक्या हिंदीत म्हणाला, "देखो. ये सब्बोटाज नहीं. ये खेती है."

तरी सरकारी काम. मुंबईपर्यंत फोटो गेले, परत आले, बाईंना दोनदा शहापूरला जबाब द्यावा लागला. हिराबाईनं आपला जबाब दिला, एक अक्षर कमी नाय. अखेर लडकूदादाला सोडायचा हुकूम झाला. त्याची मुकादमी तेवढी गेली, तार आपल्या शेतात ठेवली म्हणून. पुढं तो साध्या खलाशासारखा आमच्यात काम करीत राहिला.

त्याला आणायला मी आणि वयनी गेलो. शहापूरहून आसनगाव स्टेशनाकडं चालत निघालो. लडकूदादा पुढं, वाळलेला, दाढी वाढलेली, मान खाली. मी मधे, ती मागं. वाटेत मी विचारलं, "लय मारला का रे?"

"कोन मारतंय?" तो म्हणाला. "बोट लावला नाय कुनी."

मग कबुली कसली दिलीस, असं माझ्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात मागून हिराबाई बोलली. आवाज फाटलेला.

"अवो. जरा थांबा. ती तार मी जाळली. आधी काढून ठेवली नव्हती. राबात जळली, मी घासली, आनि तुमाला खोटा सांगितला. काय करायचा ता करा."

लडकूदादा थांबला. मागं वळला. मला वाटलं आता हात उगारतो, मी आडवा झालो. तो तिच्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "मग तुटली कुठं?"

"आँ?"

"तार गो. तुटली कुठं? जोडात?"

मीच म्हटलं, "जोडात कशाला तुटंल? तुझे दोनी जोड जागच्या जागी हायत. मधेच तुटली, जोडापासून लांब."

तो मटकन रस्त्याच्या कडेला बसला. दोन्ही हातांत तोंड घेतलं. खांदे हलायला लागले. मला कळेना, हसतो का रडतो. दोन्ही करत होता.

"माना वाटला माझा जोड सुटला," तो म्हणाला. "डोला मिटला का तीच गाडी दिसं. दरीच्या कडंला. किती जनांची पोरं असतील तिच्यात. फौजदारानं इचारला, कुनी केला? मी सांगितला, माझ्याच हातून झाला."

"अरे पन त्यानं लिवला तू मुद्दाम तोडलीस म्हणून!" मी ओरडलो. "फासावर चढवत व्हते तुला!"

"माना काय वाचता येतंय?" तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आनि जोड माझा सुटला असता, तर चढायलाच पायजे व्हतो."

त्या सगळ्या दिवसांत हिराबाई एकदाही रडली नव्हती. कोठडीच्या दारात नाय, जबाबाच्या वेळी नाय, काळोखातपण नाय. आता ती भर रस्त्यात त्याच्यासमोर बसली, त्याच्या छातीवर मुठी मारल्या, आणि गळा काढून रडली. आणि लडकूदादा तिच्या पाठीवरून हात फिरवत एकच म्हणत राहिला, "अगो, तू जाळलीस ता बरा केलास. बरा केलास."